गुरुजींनी न सांगितलेला शब्द

नदीने वळण घेतलं की त्या वळणावर गाव वसतंच, तसं एक गाव वसलं होतं. नाव रंगथडी. घरोघरी रंगारी. सकाळ झाली की थडीवरच्या मातीच्या कुंडांतून वाफा निघायच्या आणि दुपारपर्यंत दोऱ्यांवर ओली कापडं वाळत पडायची. गावातली कुत्रीसुद्धा पाठीवर निळे-पिवळे डाग घेऊन हिंडायची, इतकं सगळं रंगात बुडालेलं. फक्त मुलांचे हात तेवढे स्वच्छ होते.

ते कसं, ते आधी सांगायला हवं. रंगथडीत रंगांची शाळा होती आणि तिथे रंग तोंडाने शिकवत. प्रत्येक रंगाचा एक पाठ. मुलांनी ओळीने मांडी घालून, हात मागे बांधून बसायचं आणि पाठ म्हणायचे. हळदीचा पाठ, निळीचा पाठ, डाळिंबाच्या सालीचा पाठ, पळसाचा पाठ, लाल रंगासाठी मंजिष्ठेच्या मुळीचा पाठ. सगळे पाठ न अडखळता म्हणता आले की मगच कुंडात हात घालायचा, तोवर पाण्याला शिवायचंही नाही. आता तुम्ही म्हणाल, हे तर नदीकाठी बसवून पोहण्याचं वर्णन घोकायला लावण्यासारखं झालं. झालं खरं. पण रंगथडीत कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आजोबा तसेच शिकले, बाप तसाच शिकला, मग नातवाला काय वेगळी शिंगं फुटलीत?

पाठ पुरे झाले की यायची कुंडपूजा. वर्षातून एकदा, पिकं घरात आली की सगळं गाव थडीवर जमायचं. ठरलेल्या वयाला आलेली मुलं-मुली पंचांपुढे उभी राहून पाठ म्हणायची. ज्याचा पाठ चोख, त्याला पंच हळदीकुंकू लावलेलं कोरं कुंड द्यायचे. ते थडीवर स्वतःच्या चुलीवर मातीने लिंपून बसवायचं आणि त्या दिवसापासून तो रंगारी. जो अडला, त्याला कुंड नाही. पुन्हा उभं राहायची सोयही नाही. त्याने जन्मभर दुसऱ्यांची कापडं दगडावर आपटायची.

या शाळेचे गुरुजी होते भिवाजी. सगळे पाठ त्यांना झोपेत येत. हातात निरगुडीची छडी, डोक्याला स्वतःच्या हाताने रंगवलेली लाल पगडी. माणूस वाईट नव्हता हं. मुलांना बोरं वाटायचा, आजारी मुलाच्या घरी जाऊन काढा द्यायचा. पण पाठ चुकला की छडी बसायचीच. रंग बिघडण्यापेक्षा तळहात लाल झालेला बरा, असं त्यांना मनापासून वाटायचं.

गुरुजींना एकच मुलगी होती. तिचं नाव ठकू. ही ठकू म्हणजे प्रश्नांचं पोतं. डोळे उघडले की सुरू. "बाबा, निळीच्या कुंडातून कापड काढलं की आधी हिरवं का दिसतं? मग ते निळं कधी होतं?" "बाबा, सगळ्या रंगांच्या कापडांची सावली एकाच रंगाची कशी?" "बाबा, पळस लाल दिसतो, मग पाणी पिवळं का होतं?" गुरुजी हसायचे, तिला खांद्यावर घ्यायचे आणि म्हणायचे, "शाळेत आलीस की कळेल हो सगळं."

ठकू शाळेत आली. पहिल्याच दिवशी हळदीचा पाठ चालू असताना तिने विचारलं, "पण बाबा, हळद उन्हात उडते कुठे?" गुरुजी म्हणाले, "इथे मी बाबा नाही, गुरुजी. आधी पाठ, मग प्रश्न." दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. त्यानंतर एकदा विचारलं तेव्हा छडी बसली. हलकीच, पण बसली. स्वतःच्या मुलीला सूट दिली तर बाकीच्यांच्या आईबापांना काय तोंड दाखवायचं?

त्यानंतर ठकूने काही विचारलं नाही. ती पाठ म्हणू लागली आणि बघता बघता वर्गात पहिली आली. गुरुजींची छाती दोन बोटं फुगली. जो भेटेल त्याला सांगायचे, "आमची ठकू, काय सांगू, मंजिष्ठेचा पाठ एका श्वासात म्हणते."

मग एका सकाळी अंगणात एक गोष्ट घडली. गुरुजींची बायको बायजा डाळिंबाच्या सालींचं पिवळं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतत होती. चुकून तिने ते गंज चढलेल्या लोखंडी कढईत ओतलं आणि थोड्याच वेळात ते पाणी काळं पडायला लागलं. पिवळ्याचं काळंभोर झालं, शाईसारखं. गुरुजींना गंमत वाटली. त्यांनी हाक मारली, "ठकू, ये लवकर, बघ तरी काय झालंय!"

ठकू आली. हात मागे बांधून कढईपाशी उभी राहिली. पाण्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या पाठात आहे हे, गुरुजी?"

घरच्या अंगणात ती त्यांना गुरुजी म्हणाली होती.

"कुठल्याच पाठात नाही," गुरुजी म्हणाले.

"मग मी जाऊ? मला निळीचा पाठ म्हणायचाय." आणि ती गेलीसुद्धा.

गुरुजी कढईपाशीच बसले. ते कढईकडे बघत राहिले. शाळेत जाण्याआधीची ठकू असती, तर तिने या कढईभोवती दिवस काढला असता. बोट बुडवलं असतं, चिंधी बुडवली असती, शेजाऱ्यांच्या कढया मागून आणल्या असत्या. जिला या पाण्याची गंमत वाटली असती, ती मुलगी गेली कुठे? आणि तिला घालवलं कुणी?

"पोरगी शहाणी झाली हो तुमची," बायजा कढई घासायला घेत म्हणाली. "आता मेली काही विचारतसुद्धा नाही. शांतता आहे घरात."

बायजा असं बोलली की त्यात टोमणा असतो, हे गुरुजींना लग्नापासून माहीत होतं.  त्यांना जेवण गोड लागेना. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ठकू शाळेला निघाली, तेव्हा ते म्हणाले, "ठकू, आजपासून तू शाळेत येऊ नकोस."

ठकूचा चेहरा उतरला. डोळ्यांत पाणी आलं. "माझा कुठला पाठ चुकला?"

"तुझा नाही चुकला."

"मग कुणाचा चुकला?"

गुरुजी उठून घरामागे गेले.

तिथे एक जुनं कुंड पडलं होतं, काठाला टवका उडालेलं. ते कधी पूजेला लागलं नव्हतं, त्यामुळे रीत मोडली असं कुणाला म्हणता येणार नव्हतं. गुरुजींनी ते धुऊन पुसून ठकूला दिलं. म्हणाले, "हे तुझं. काय करायचं ते कर." आणि बायजाजवळ येऊन हळूच म्हणाले, "तिने विचारल्याशिवाय मी काही सांगणार नाही. ठरवलंय."

बायजा हसली. "तुम्ही? न सांगता राहणार?" मग तिने आपल्या पानाच्या डब्यातून एक अख्खी सुपारी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "ही धरा गालात. सांगावंसं वाटलं की चघळा."

आता ऐका गंमत. ठकूने काय केलं असेल? काहीच नाही. पहिले काही दिवस ती त्या कुंडाजवळ नुसती बसून राहिली. कुणीतरी पाठ देईल म्हणून वाट बघत होती बिचारी. मग कंटाळली, झोपली. मग मातीची बैलजोडी केली. मग पुन्हा झोपली. गुरुजी शाळेतून आले की मागच्या दारातून डोकवायचे आणि त्यांचा जीव वरखाली व्हायचा. गावातली मुलं पाठांवर पाठ चढवत होती आणि यांची लेक मातीचे बैल पळवत होती. त्यांनी कितीदा तोंड उघडलं असेल, पण बायजा समोर दिसायची आणि ते सुपारी दुसऱ्या गालात सरकवायचे. सुपारीने गाल सोलून निघाले त्यांचे.

असेच दिवस चालले होते. एकदा बायजा पान लावत होती आणि बोटाला लागलेला चुना तिने लुगड्याच्या पदराला पुसला. पदराला सकाळीच हळद लागलेली होती. चुना लागला तिथे हळद लालबुंद झाली. ठकू शेजारीच लोळत पडली होती. ती उठून बसली.

"आई, हे लाल कसं झालं?"

"मला काय माहीत? मी काय गुरुजी आहे?" बायजा म्हणाली. "बघ की तूच."

ठकूने चुन्याची डबी उचलली आणि मागच्या अंगणात पळाली. गुरुजी दारात उभे होते. त्यांचे डोळे भरून आले. कितीतरी दिवसांनी पोरगी पळताना दिसली होती.

त्यानंतर काही विचारू नका. मागचं अंगण म्हणजे नुसता राडा. हळदीत चुना, चिंच, राख, ताक. डाळिंबाच्या सालीत खिळे, नाल, कोयतीचं मोडकं पातं. ठकूने भांडी बिघडवली, चिंध्या संपवल्या, बायजाचं एक बरं लुगडं वाया घालवलं आणि त्यावरून बोलणीही खाल्ली. एकदा दारची शेळी पिवळीजर्द करून सोडली. ती शेळी गावभर हिंडून आली तेव्हा लोक हसून हसून बेजार झाले. "गुरुजी," कुणीतरी ओट्यावरून हाळी दिली, "तुमची मुलगी राहू दे, शेळी तरी शाळेत घाला." गुरुजींनी मान खाली घातली आणि चालत राहिले.

पण हसणं वेगळं आणि राग वेगळा. हळूहळू लोकांना राग यायला लागला. आमच्या मुलांना छडी आणि गुरुजींच्या मुलीला रान मोकळं, हे कुठलं शहाणपण? एक दिवस थोरले पंच केरोबा स्वतः गुरुजींच्या घरी आले. केरोबा म्हणजे गावातला सगळ्यात जुना रंगारी, नखांतली नीळ आता कातडीत मुरलेली. ओट्यावर बसून त्यांनी पाणी घेतलं आणि म्हणाले, "गुरुजी, पुढची कुंडपूजा जवळ आली. ठकूचं वय झालंय. तिला पंचांपुढे उभं राहावं लागेल. पाठ आला तर कुंड, नाही तर नाही. गुरुजींची मुलगी म्हणून मी रीत बदलणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो."

"बदलू नका," गुरुजी म्हणाले. पण त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. त्यांच्या डोळ्यांपुढे एकच दिसायचं. ठकू मोठी झाली आहे, कमरेइतक्या पाण्यात उभी आहे आणि दुसऱ्यांची कापडं आपटते आहे. हे सगळं आपल्या हट्टापायी.

आणि नेमकं तेव्हाच ठकूने आपण होऊन विचारलं, "बाबा, मंजिष्ठेचा पाठ पुन्हा एकदा म्हणून दाखवता? मला मंजिष्ठ करून बघायचीय. जुने लोक कशी करायचे ते ऐकावं म्हणते."

गुरुजींनी सुपारी थुंकली आणि आनंदाने पाठ म्हटला:

"मंजिष्ठ कुटावी, भिजत ठेवावी,
धुतल्या कापडा तुरटी पाजावी,
मग चुलीवरी खळखळ उकळावी,
दिवस कलेतो आच न ढळावी."

ठकू डोळे मिटून ऐकत होती. शाळेत तिने हा पाठ शेकडो वेळा म्हटला होता, पण आज तिला तो हवा होता, म्हणून नव्याने कानात शिरत होता. मग तिने डोळे उघडले. "खळखळ का उकळायची?"

"पाठात आहे म्हणून."

"पाठात का आहे?"

 एवढी वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न गुरुजींनी स्वतःला कधी विचारला नव्हता. "मला माहीत नाही, ठकू," ते म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होते, त्यामुळे जरा अडखळले.

ठकूचा चेहरा खुलला. "म्हणजे बघायला लागेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. ठकूने मागच्या अंगणात चूल पेटवली, कुटलेली मंजिष्ठ भिजवलेल्या पाण्यासकट चुलीवरच्या कुंडात घातली, तुरटी पाजलेलं कापड त्यात सोडलं. पाठात होतं तसंच करायचं, असं तिने ठरवलं होतं. गुरुजी ओट्यावर बसून बघत होते. पाणी कढत झालं, वाफ यायला लागली, आणि तेवढ्यात शेळीने दोरीवरची चिंधी तोंडात धरून धूम ठोकली. ठकू तिच्यामागे धावली. चिंधी साधीसुधी नव्हती, बरेच दिवस खपून केलेली होती.

इकडे चूल मंद व्हायला लागली. लाकडं जळून संपत आली. गुरुजी अर्धे उठले. आच ढळतेय, पाठ मोडतोय, पोरीची मेहनत फुकट जाणार. हाक मारावी का? की आपणच उठून दोन लाकडं सारावीत? बायजा धान्य पाखडत होती. तिने सुपातून डोकं वर काढून त्यांच्याकडे पाहिलं फक्त. गुरुजी पुन्हा खाली बसले. चूल राखेवर आली. पाणी उकळलं नाही, नुसतं ऊन राहिलं.

ठकू परत आली ती धापा टाकत. विझत आलेली चूल बघून हळहळली. पण कापड काही तिने काढलं नाही. "आता असंच राहू दे," म्हणाली, "बघू तरी काय होतं." ऊन उतरेपर्यंत ती निखारे घालून पाणी नुसतं कोमट ठेवत राहिली. मग कापड उचललं, नदीत धुतलं आणि दोरीवर टाकलं.

ते कापड लाल होतं. नुसतं लाल नव्हे, काटेसावर फुलते तसं लाल. बायजा सूप खाली ठेवून उभी राहिली. गुरुजी जवळ गेले, कापड हातात घेतलं, पाहिलं. मग डोक्यावरची पगडी काढून त्याच्याशेजारी धरली. ती पगडी त्यांनी पाठाप्रमाणे रंगवलेली होती, दिवसभर खळखळ उकळून, आणि अख्खं गाव तिला लाल म्हणत होतं. या कापडाशेजारी ती भाजलेल्या विटेसारखी दिसत होती.

रंगथडीत मंजिष्ठेचा खरा लाल रंग कुणी पाहिलाच नव्हता. विटकरीला लाल म्हणायचं, असं सगळे शिकले होते. परगावचे व्यापारी यायचे, निळं घ्यायचे, पिवळं घ्यायचे आणि "लाल राहू द्या" म्हणून निघून जायचे. गाव म्हणायचं, या लोकांना रंगातलं काही कळत नाही. पाठात ती ओळ कधी आणि कशी शिरली, देव जाणे. कदाचित जुन्या काळच्या एखाद्या गुरुजींनी दुसऱ्याच पाठातली ओळ डुलकीत इथे जोडली असेल. एकदा शिरली ती शिरली, कुणी विचारलं नाही.

गुरुजींना एकाच वेळी लाज वाटली आणि आनंद झाला. याच पाठातलं 'खळखळ' चुकलं म्हणून त्यांनी मुलांना छड्या मारल्या होत्या. आज आपण तोंड उघडलं असतं, तर हेही कापड विटकरी झालं असतं.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, आता गुरुजी बदलले. कुठले हो? भीती अशी जात नाही. कुंडपूजेच्या सकाळी ठकू वेणी घालून तयार झाली तेव्हा ते तिच्याजवळ आले आणि खाली बघत म्हणाले, "तिथे ती ओळ आहे तशी म्हणून टाक. कुंड पदरात पडू दे. घरी तुला हवं तसं कर, तिथे कोण बघायला येतंय?"

ठकूने त्यांच्याकडे पाहिलं. "बरं, बाबा," ती म्हणाली. आणि तिचे दोन्ही हात आपोआप मागे गेले, शाळेत असायचे तसे.

थडीवर गाव लोटलं होतं. कोरी कुंडं ओळीने मांडली होती. शाळेची मुलं रांगेत बसली होती. एकेक जण उठत होता, पाठ म्हणत होता, कुंड घेत होता. ठकूची पाळी आली. केरोबांनी मुद्दामच विचारलं की काय कोण जाणे. म्हणाले, "मंजिष्ठेचा पाठ म्हण."

ठकूने सुरुवात केली. "मंजिष्ठ कुटावी, भिजत ठेवावी, धुतल्या कापडा तुरटी पाजावी, मग चुलीवरी..." आणि ती थांबली.

 ओळ तिला येत नव्हती असं नाही. पण खोटं सांगताना अडखळतं माणूस, तशी ती अडखळली. मग तिने वडिलांकडे पाहिलं. बाबा म्हणतील ते म्हणून टाकायचं, असं तिच्या डोळ्यांत अगदी स्पष्ट दिसत होतं.

रंगथडीची एक रीत होती. मूल अडलं, तर गुरुजींनी एकदाच एक शब्द सांगावा. केरोबा म्हणाले, "गुरुजी, पोर अडलीय. एक शब्द सांगा. रीतीत बसतं."

एकच शब्द. खळखळ. तो सांगितला की पुढचं ती म्हणणार होती, कुंड मिळणार होतं, जन्माची चिंता मिटणार होती. गुरुजींनी तोंड उघडलं. ठकूचे मागे बांधलेले हात त्यांना दिसले. अंगणातली ती सकाळ त्यांना आठवली आणि त्यांना कळून चुकलं, की आज हा शब्द आपण दिला तर कुंड तिला मिळेल, पण ही मुलगी पुन्हा कधी काही विचारणार नाही.

"मी सांगणार नाही," गुरुजी म्हणाले. "आजवर सगळ्यांना सांगितला. तो शब्द चुकीचा आहे."

थडीवर कुजबुज उठली. पाठ चुकीचा, आणि असं गुरुजीच म्हणतात? कुणीतरी म्हणालं, "पोरीसाठी गुरुजी पाठ बदलायला निघाले." कुणी हसलं. केरोबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

तेवढ्यात बायजा पुढे आली. तिने पदराखालून ते लाल कापड काढलं आणि केरोबांच्या मांडीवर ठेवलं.  गुरुजींनी पगडी काढली आणि कापडाशेजारी ठेवली. "ही पाठातली," ते म्हणाले, "आणि हे ठकूचं. तिने पाणी उकळू दिलं नाही."

केरोबा कापडाकडे बघत राहिले. नीळ मुरलेली बोटं त्यावरून फिरवली. उलटून पाहिलं, उन्हात धरलं, पगडीला लावून पाहिलं.  बऱ्याच वेळाने ते बोलले ते इतक्या हळू, की पुढे बसलेल्यांनाच ऐकू आलं.

"लहानपणी मी विचारलं होतं," केरोबा म्हणाले, "उकळली नाही तर काय होईल म्हणून. माझ्या गुरुजींनी छडी मारली." त्यांनी कापड पुन्हा मांडीवर ठेवलं. "मग मी काही विचारलं नाही. आयुष्य गेलं की माझं, विटकरी रंगवण्यात."

 मग केरोबांनी डोळे पुसले, ठकूकडे वळले आणि म्हणाले, "मग सांग पोरी, उकळली नाही तर काय होतं?"

ठकूचे मागे बांधलेले हात कधी सुटले ते तिलाही कळलं नाही. ती म्हणाली, "सांगू, आजोबा, की करून बघताय?"

 केरोबा उठले, जोडे काढले, बाह्या वर सारल्या. ठकूने कोऱ्या कुंडांतलं एक उचललं, एका रंगाऱ्याकडून भिजलेली मंजिष्ठ आणि तुरटी पाजलेलं कापड मागून घेतलं आणि दोघं थडीवरच्या चुलीपाशी जाऊन बसली. मागून एक पंच ओरडला, "अहो केरोबा, पण तिचा पाठ अर्धाच झालाय. कुंड कसं देता?"

केरोबांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "उरलेला अर्धा मी शिकतोय," ते म्हणाले. "झाला की देतो."

रांगेत बसलेली मुलं एकमेकांकडे बघत होती. त्यातली एक मुलगी हळूच उठली आणि चुलीपाशी जाऊन उभी राहिली. मग आणखी एक उठला. एकाने गुरुजींचं धोतर ओढलं आणि भीत भीत विचारलं, "गुरुजी, निळीचा पाठ तरी बरोबर आहे का?"

गुरुजी खाली वाकले. त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "मला माहीत नाही रे. चल, आधी तिथे काय चाललंय ते बघू."

तिकडे पाण्यातून वाफ यायला लागली होती. केरोबा अधीर होऊन विचारत होते, "आता लाकूड काढू? अगं, काढू का?" आणि ठकू गुडघ्यांवर हनुवटी टेकून गप्प बसली होती.

तात्पर्य काढायचंच, तर एवढं काढा: मुलाला शिकवायची घाई झाली, तर आधी त्याला काय विचारायचंय ते ऐकावं. आणि ते काहीच विचारत नसेल, तर त्याला विचारावंसं वाटेपर्यंत मोठ्यांनी गप्प बसायला शिकावं.